आमची कुर्डुवाडी, इथली ओमागारी

गेल्या मंगळवारी आमची दोन डब्यांची लोकल मधल्याच एका स्टेशनात थांबली आणि थांबूनच राहिली. उत्तर जपानमधल्या आमच्या काकुनोदातेहून ओमागारीला निघाले होते, वीसेक मिनिटांचा रस्ता. दोन्हीकडे भातशेती, फलाटावर चिटपाखरू नाही. या गाडीत गार्ड नसतो, ड्रायव्हरच सगळं बघतो. त्यानेच माईकवरून सांगितलं, समोरून गाडी येतेय, आपली वाट पाहावी लागतेय, क्षमस्व. पाचेक मिनिटांनी शेजारच्या रुळावरून लांब नाकाची लाल कोमाची शिनकान्सेन गेली. खिडकीची काच थरथरली. समोरच्या शाळकरी मुलीने वहीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

रात्री फोनवर हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बुलेट ट्रेनच्या देशात राहून क्रॉसिंगला थांबतेस होय गं? मग आपली बार्शी काय वाईट होती?" मला ते लागलं. फोन ठेवल्यावरही मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, म्हणून हे लिहितेय.

आई, टोकियोहून निघालेली कोमाची मोरिओकापर्यंत हायाबुसा नावाच्या हिरव्या शिनकान्सेनला जोडून धावते, ताशी ३२० किलोमीटरपर्यंत. ते ५३५ किलोमीटर सव्वादोन तासांच्या आसपास संपतात. मोरिओकाला दोघी सुटतात आणि कोमाची आकिताच्या जुन्या साध्या लाईनवर येते. तिथून आकितापर्यंतचे १२७ किलोमीटर जायला तिला दीड तास लागतो. डोंगर, बऱ्याच भागात सिंगल लाईन, मधे फाटकं. वेग फार तर १३०. फाटकाशी सायकल धरून उभं राहावं आणि समोरून शिनकान्सेन जावी, हे इथे रोजचं आहे. यामागाताचा मार्ग सोडला, तर जपानच्या बाकीच्या शिनकान्सेन मार्गांवर फाटक नावाची गोष्टच नाही.

इथे नवा मार्ग बांधण्याइतकी वस्ती नव्हती. म्हणून होती तीच लाईन रुंद केली. जपानच्या जुन्या रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १०६७ मिलिमीटर, शिनकान्सेनचं १४३५. मोरिओका ते ओमागारी ही ताझावाको लाईन जवळपास वर्षभर बंद ठेवून रूळ बदलले आणि २२ मार्च १९९७ ला कोमाची सुरू झाली. बोगदे आणि फलाट मात्र जुनेच राहिले, त्यामुळे डबा बारीक ठेवावा लागला. मोठ्या शिनकान्सेनमध्ये सहसा एका रांगेत पाच जण बसतात, कोमाचीत चार. सेंदाईसारख्या मोठ्या स्टेशनात फलाट आणि दार यांच्यात फट राहते, तेव्हा दाराखालून एक पायरी आपोआप बाहेर येते. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा उतरायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिले होते.

बार्शीच्या माणसाला गेज म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाईटने कुर्डुवाडीला यायचं, ट्रंका आणि वळकट्या उचलून ब्रॉडगेजच्या फलाटावर धावायचं, हे आमच्या घरात दोन पिढ्यांनी केलं. रूळ रुंद झाले आणि मुंबईची गाडी थेट गावात आली, तेव्हा आजोबा मुद्दाम स्टेशनवर जाऊन ती बघून आले होते. काकुनोदातेचंही तसंच झालं. सामुराईंच्या जुन्या वाड्यांचं हे छोटंसं गाव, पण फलाटावर उभं राहिलं की सरळ टोकियोची गाडी मिळते. लोक मला विचारतात, एवढ्या आडगावात कशाला राहतेस. पण हे आडगाव नाहीच. रात्री उशिरा आलेला नवरा गाडी न बदलता घरी येतो, आणि घराच्या मागे अस्वलांचं जंगल आहे. टोकियोत राहणाऱ्या आमच्या ओळखीच्यांना यातलं काय मिळतं?

तरी एक गोष्ट मला खुपते, आणि ती आईला सांगायची राहिली. ओमागारी ते आकिता रूळ रुंद केले ते फक्त शिनकान्सेनसाठी. ओमागारीच्या पुढे आकिताच्या लोकल अजून जुन्या अरुंद रुळांवरच धावतात. दोन्ही रूळ शेजारी शेजारी, एका तुकड्यात तर तीन पट्ट्या टाकून दोन्ही गाड्यांची सोय केलेली. पण आमची लोकल ओमागारीच्या पुढे जातच नाही. तिची चाकं रुंद रुळांची, पुढच्या लोकलच्या अरुंद रुळांवर ती बसत नाहीत. टोकियोला जाणाऱ्याची कुर्डुवाडी संपली आणि जिल्ह्याच्या गावाला जाणाऱ्याच्या नशिबी नवी आली. बार्शीत गेज बदललं तेव्हा असं कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. या बाबतीत आपण सरस, हे मी इथल्या लोकांनाही सांगते.

कोमाची स्वतः ओमागारीत दिशा बदलते. पुढचा अर्धा तास सगळे उलट्या तोंडाने बसून आकिताला जातात. सीट फिरवता येते, पण कुणी फिरवत नाही. मी एकदा उठले होते, पण मागच्या रांगेतल्या माणसाचे डोळे मिटलेले पाहून परत बसले.

शेजारच्या आजींना रूळ बदलले ते वर्ष लख्ख आठवतं. तेव्हा रेल्वेऐवजी बस होती आणि बर्फात ती तासन्‌तास रखडायची. आता ओबोनच्या सणाला मुलगा टोकियोहून एकाच गाडीत बसून येतो, याचा त्यांना केवढा आनंद आहे. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे आकिताला जायचं तर त्या लोकलनेच जातात. कोमाचीचं जादा तिकीट त्यांना दर महिन्याला नको वाटतं.

मंगळवारी मी त्यांच्याबरोबरच निघाले होते. ओमागारीला जिना चढून पलीकडच्या फलाटावर जायचं होतं. आधीच पाच मिनिटं गेली होती. त्यांच्या एका हातात काठी, दुसऱ्यात कापडात बांधलेला डबा. डबा मी घेतला. अर्ध्या जिन्यात त्या दम घ्यायला थांबल्या, तेवढ्यात खालून आकिताच्या लोकलची सूचना ऐकू आली. त्या म्हणाल्या, "तू हो पुढे, दार धरून ठेव."