निपाणी ते साखळी, चोर्ला घाटातून: ऑटोमॅटिक गाडीतलं ओ/डी बटन आणि '2'

दिवाळी झाल्यावर एका शनिवारी मी आणि आई निपाणीहून साखळीला मावशीकडे गेलो. रस्ता नेहमीचा: महामार्ग 48 ने बेळगाव, तिथून पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात. गाडी मात्र पहिल्यांदाच ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली चार गिअरची अर्टिगा. विकणाऱ्याने "'डी'त टाका आणि चालवा" एवढंच सांगितलं होतं. 'डी' म्हणजे ड्राइव्ह, पुढे जाताना गाडी स्वतःच गिअर बदलते ती जागा. सपाटीवर तेवढं पुरतं. पण आपल्याकडून कोकणात किंवा गोव्यात उतरायचं तर घाट चुकत नाही, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवते.

आदल्या दिवशी हवा आणि ऑइल बघायला गॅरेजात गेले होते. गिअरच्या दांड्यावर एक छोटं बटन आहे, त्याबद्दल मिस्त्रींना विचारलं. म्हणाले, "ताई, दिवा लागला म्हंजे ओव्हरड्राइव्ह बंद. दिवा न्हाई म्हंजे चालू. उलटं हाय, ध्यानात ठेवा." मीटरवर 'ओ/डी ऑफ' असा तो दिवा लागतो. मी आजवर तो दिसला की काहीतरी चालू झालं, असं समजत होते.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे या गाडीतला चौथा गिअर. तिसऱ्यात इंजिन आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. चौथ्यात इंजिनाचे साधारण 70 फेरे होतात तेव्हा शाफ्टचे 100 होतात. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर आवाज कमी, पेट्रोल कमी. पण ओढ नाही, आणि उतारावर गाडी रोखून धरायची ताकदही नाही. बटन दाबून दिवा लावला की गाडी चौथ्यात जातच नाही.

निपाणी सोडली की लगेच तवंदी घाटाची चढण. गळिताचे दिवस, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन निघालेले. त्यांच्या मागे वेग कमी-जास्त करताना गाडी तिसऱ्यातून चौथ्यात आणि पुन्हा तिसऱ्यात अशी सारखी बदलत राहिली. दर वेळी हलका झटका. असं फार वेळ चाललं की गिअरबॉक्सचं तेल तापतं. बटन दाबलं, गाडी तिसऱ्यात स्थिर झाली. माथ्यावर आल्यावर पुन्हा दाबून ओव्हरड्राइव्ह चालू केलं. ताशी 80 ला इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा तीन हजारांजवळ होता, तो दोन हजारांवर आला. ओव्हरटेक करायला मात्र बटन लागत नाही. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की गाडी स्वतःच खालचा गिअर घेते.

टाकी बेळगावातच भरून घ्या. कणकुंबीला माउलीच्या देवळात थांबलो. मलप्रभेचा उगम तिथेच, आईने कुंडाचं पाणी डोळ्यांना लावलं. पावसाळ्यात या पट्ट्यात धुकं आणि पाऊस इतका असतो की त्या दिवसांत नवख्याने ऑटोमॅटिकचे पहिले धडे इथे घेऊ नयेत.

खरी परीक्षा चोर्ल्याच्या उतारावर. मी 'डी'तच होते, ओव्हरड्राइव्ह चालू. गाडी आपोआप वेग घेत होती आणि मी सतत ब्रेकवर पाय ठेवून होते. चार-पाच वळणं झाली असतील, आई म्हणाली, "काय तरी जळल्यागत वास येतोय गं." ब्रेकचाच वास होता, आणि पेडल आधीपेक्षा खोल जात होतं. रुंद जागा बघून गाडी थांबवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि पाऊण तास बसून राहिलो. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकडी होते.

त्यानंतर दांडा '2' वर घेतला. '2' म्हणजे गाडी दुसऱ्याच्या वर जाणार नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी मागे ओढून धरतं. आवाज वाढतो, काटा वर जातो. घाबरू नका, लाल पट्टीच्या खाली असला की झालं. फक्त 60-70 च्या वेगात '2' टाकायचं नाही. आधी ब्रेकने 40 च्या आत यायचं. वळणाआधी ब्रेक घट्ट दाबायचा, वेग कमी करायचा आणि पूर्ण सोडून द्यायचा, म्हणजे त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. 'एल' म्हणजे फक्त पहिला, तो अगदी उभ्या उतारासाठी. खाली अंजुण्याचं धरण दिसायला लागलं तोवर माझा पाय बहुतेक वेळ मोकळाच होता. गाडीला पुढचा रस्ता दिसत नाही, आपल्याला दिसतो. म्हणून गिअर उतार लागायच्या आधी बदलायचा.

पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना कळकळीने सांगते, वाचत नाही. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आताच्या गाड्या इंजिनाचं पेट्रोल बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. वर सगळा भार ब्रेकवर.

उतारावर थांबताना ब्रेक दाबून धरा, आधी हँडब्रेक ओढा, मग दांडा 'पी' म्हणजे पार्किंगवर. उलट केलं तर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं आणि निघताना दांडा 'पी'तून खट्‌कन झटका देऊन सुटतो.

तुमची गाडी एएमटी (साध्या गिअरबॉक्सलाच क्लच-गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा जोडलेली) असेल तर हे बटन नसेल. दांडा 'एम'कडे घेऊन वजा करत दुसऱ्यावर या. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) 'एल', 'एस' किंवा 'बी' यांतलं एखादं असतं, काम तेच.

परतताना चोर्ला ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून आरामात चढलो. जांबोटी गेली, कुसमळीचा पूल गेला, रस्ता सरळ झाला, तरी मी तशीच चालवत होते. पिरनवाडीच्या अलीकडे आई म्हणाली, "गाडी का गं अशी कण्हतीया?" मीटरवर दिवा तसाच होता. बटन दाबलं आणि तो विझला.