१९५० ची शेव्हरोले ३१००: दुसऱ्या हिवाळ्याची नोंद

मंडळी, इंजिन वाचलं. तेवढं आधी सांगतो, बाकीचं सावकाश.

ऑक्टोबरनंतर पाच महिने काही लिहिलं नाही, कारण इंजिनाचं काय करायचं तेच ठरत नव्हतं. गाडी गॅरेजमध्ये घोड्यांवर उभी, केबिनचे मागचे दोन्ही कोपरे कापून काढलेले, आणि इंजिन गरम झालं की खालून ठक-ठक-ठक. ज्यांना तो आवाज ऐकवला त्यांतल्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला: हे काढ आणि २३५ घन इंचांचं इंजिन बसव, नाहीतर सरळ नवं व्ही-८ टाक, बारा व्होल्टचं वायरिंग कर आणि मोकळा हो. सल्ला देणारे अनुभवी आहेत, त्यांच्या गाड्या रोज रस्त्यावर धावतात. तरीही माझं मन मानत नव्हतं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी अर्ध्या टनाची पिकअप, मागच्या कोपऱ्यांत काचा नसलेली साधी केबिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. दक्षिण विस्कॉन्सिनमधल्या एका गोठ्याशेजारच्या कोठारात ती बरीच वर्षं उभी होती. दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा क्रमांक २१एचपीई असा सुरू होतो: २१ म्हणजे जेन्सव्हिलचा कारखाना, एचपी म्हणजे १९५० सालची अर्ध्या टनाची, ई म्हणजे मे महिना. जेन्सव्हिल माझ्या घरापासून तासाभरावर. तो कारखाना डिसेंबर २००८ मध्ये बंद झाला. गाडी जिथे जन्मली तिथून इतक्या जवळ ती अजून आहे, आणि तिच्यात तेच २१६ घन इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, ही गोष्ट माझ्यासाठी मोठी आहे. इंजिन काढलं असतं तर उरला असता फक्त पत्रा.

आता हे २१६ बदनाम का, ते सांगायला हवं. याच्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या टोकाला सुटी बेअरिंग नसतात. व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगसाठीचा मऊ मिश्रधातू, रॉडमध्येच ओतलेलं असतं. रॉडला तेलही आजच्यासारखं दाबानं क्रँकमधून मिळत नाही. प्रत्येक रॉडच्या कॅपला खाली एक छोटा चमचा असतो. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पात्रात, तेलानं भरलेल्या खोबणी असतात, चमचा फिरताना त्यातलं तेल उचलतो. वेग वाढला की बाजूच्या नळ्यांतून उडणारी तेलाची धार त्या चमच्यावर बसते. म्हणून या गाडीच्या तेलाच्या काट्याचा आकडा ३० पौंडांपर्यंतच असतो आणि चालताना १४-१५ दाखवलं तरी सगळं ठीक असतं. आजच्या इंजिनाच्या सवयीनं पाहणारा घाबरतो. मागच्या डिफरन्शियलचं गिअर-गुणोत्तर ४.११, त्यामुळे ताशी ४५-५० मैलांवर इंजिन सुखात असतं. कुणी महामार्गावर तासन् तास ६५ नं पळवलं तर व्हाइट मेटल उतरणारच. शेतावरून गावात दूध नि धान्य नेण्यासाठी बनवलेलं इंजिन आहे ते.

सप्टेंबरच्या शेवटी अण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आले. कोल्हापूरला एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं इंजिन विभागात होते. त्यांच्या हाताखालून गेल्या त्या लेलँड आणि टाटा, पण त्यांचे वस्ताद त्या आधीच्या पिढीतले. एसटीच्या सुरुवातीच्या वर्षांत ताफ्यात बेडफर्ड, फोर्डसन, स्टुडबेकर, शेव्हरोले अशा कितीतरी जातीच्या गाड्या होत्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ ला सुरू झाला आणि १९५४ ला बंद झाला. शेव्हरोले गाड्या तिथे जुळवल्या जायच्या. वस्तादांचा हात त्यांवर बसलेला. बॉनेट उघडल्यावर अण्णांनी पहिलं बोट ठेवलं ते डिस्ट्रिब्युटरवर आणि म्हणाले, "हा बघ डेल्को." आपल्याकडे कुठल्याही गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला मेकॅनिक डेल्कोच म्हणतात. मीही लहानपणापासून म्हणत आलो. इथे त्या डब्यावरच्या पितळी पट्टीवर डेल्को-रेमी असं कोरलेलं आहे. ते नाव जिथून आलं ती वस्तू मी अण्णांबरोबर पहिल्यांदा नीट पाहिली.

आवाजाचं निदान त्यांनी दहा मिनिटांत केलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला, मूठ कानाला. मला म्हणाले, एकेका प्लगची वायर काढत जा. तिसऱ्याची काढली आणि ठकठक जवळजवळ थांबली. त्या सिलिंडरवरचा स्फोटाचा भार गेला की ढिल्या बेअरिंगचा आवाज मंदावतो. "तीन नंबरचा रॉड. दुसरं काही नाही. इंजिन काढायची गरज नाही, चेंबर सोड."

चेंबर सोडायला एक शनिवार गेला. सगळा गाळ खरवडून काढला, शेणासारखा घट्ट. मग खालून पहिल्यांदा सहाही रॉड दिसले. प्रत्येक कॅपच्या दोन्ही बाजूंना, कॅप आणि रॉड यांच्यामध्ये पातळ पितळी पत्र्यांची चळत. एकेक पत्री दोन थाऊची, म्हणजे इंचाच्या दोन हजारांश जाडीची. व्हाइट मेटल झिजलं की पत्री काढायची, कॅप तेवढी वर सरकते, बेअरिंग पुन्हा घट्ट. ही सोय इंजिन बनवणाऱ्यांनीच करून ठेवली आहे. अण्णांना हे काम पाठ होतं. सुट्टीच्या दिवशी ते करवीर भागातल्या गुऱ्हाळांची जुनी ऑइल इंजिनं दुरुस्त करायला जायचे, त्यांनाही व्हाइट मेटल आणि पत्र्याच असायच्या.

पद्धत सविस्तर लिहितो, कारण हे करणारी माणसं कमी होत चालली आहेत. आधी कॅप उतरवून व्हाइट मेटल नखानं आणि भिंगानं तपासलं. तडा नको, कुठे सुटलेलं नको. आमचं फक्त गुळगुळीत झिजलेलं होतं. मग क्रँकचा जर्नल (रॉड ज्यावर फिरतो तो गोल भाग) मायक्रोमीटरनं चार बाजूंनी मोजला. तिसरा एक थाऊनं अंडाकृती निघाला, चालण्यासारखा. तो तीनेक थाऊ असता तर हा सगळा खटाटोप वाया गेला असता. मग दोन्ही बाजूंची एकेक पत्री काढायची, कॅप पूर्ण आवळायची, आणि रॉडला हातोडीनं हलकी टिचकी मारून पाहायची. अजून पुढेमागे सरकतो? मग पुन्हा एकेक. सरकायचा थांबला की एका बाजूला एक पत्री परत घालायची. आता तो हातानं जोर दिला की जर्नलवर डावी-उजवीकडे टकदिशी सरकला पाहिजे, पण वर-खाली मुळीच हलता कामा नये.

मी बेअरिंगमधली फट मोजायची प्लास्टिगेजची पट्टी आणून ठेवली होती. अण्णांचा अंदाज आणि पट्टीचं माप, दोन्ही दीड थाऊ आलं. तिसऱ्या रॉडच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन पत्र्या निघाल्या, पहिल्या-दुसऱ्या-चौथ्या-सहाव्याची एकेक. पाचवा होता तसाच ठेवला. एका गोष्टीवर अण्णा फार कडक होते: पत्र्या संपल्या तर कॅप कानशीनं घासायची नाही. कुणीतरी घासलेली कॅप पुन्हा कधी गोल बसत नाही, आणि पुढच्या माणसाच्या वाट्याला इंजिन मेलेलंच येतं.

चार रविवार लागले. पाठीखाली पुठ्ठा, बाहेर उणे १५ असताना गॅरेजमध्ये हीटर लावूनही बोटं बधिर. सत्त्याहत्तर वर्षांचे अण्णा स्टुलावर बसून बॅटरी धरायचे आणि प्रत्येक स्प्लिट पिन मी वाकवली की हात घालून तपासायचे. जुनी पिन एकही परत वापरली नाही. तेलाच्या नळ्यांचा नेम चमच्यांवर धरला आहे की नाही हेही पाहून घेतलं. चौथ्या सिलिंडरची नळी वाकलेली होती, तिची धार चमच्याच्या बाजूनं गेली असती. ही तपासणी लोक विसरतात, आणि मग बेअरिंग पुन्हा का गेलं म्हणून इंजिनाला दोष देतात.

केबिनचं काम त्यामानानं सरळ, फक्त वेळखाऊ. इकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पायदानाच्या आतल्या बाजू, मागचे कोपरे आणि पायाखालचा पत्रा जाळीसारखा झाला होता. विकत आणलेल्या दोन कोपऱ्यांपैकी डाव्याचा गोलावा मूळ केबिनशी जुळतच नव्हता. तो परत न पाठवता मी तीन ठिकाणी कापून बसवला. दारं बिजागऱ्यांवर चढवून, फट मोजूनच वेल्डिंग केलं. आधी दार उतरवून वेल्ड करणाऱ्यांची दारं नंतर लागत नाहीत, हे लक्षात ठेवा. १८ गेजचा पत्रा, बारीक तार, आणि एक टाका इथे तर दुसरा वीतभर लांब, म्हणजे पत्रा तापून लहरत नाही. पुट्टी अजून लावलेली नाही. रंग मूळचाच द्यायचा, फॉरेस्टर ग्रीन. तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे अजून ताजा आहे.

वायरिंग सहा व्होल्टचंच ठेवलं. सहा व्होल्टच्या गाडीचा सेल्फ सुस्त फिरतो अशी तक्रार असते, आणि बहुतेक वेळा कारण असतं बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल. विजेचा दाब निम्मा म्हणजे त्याच कामाला प्रवाह दुप्पट लागतो. मी बोटाएवढी जाड केबल घातली, अर्थिंगच्या जागा पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासल्या, तेवढ्यानं भागलं. ब्रेकच्या सगळ्या नळ्या आणि चाकांचे सिलिंडर नवे. या सालापर्यंत हक कंपनीचे ब्रेक आहेत, १९५१ पासून बेंडिक्सचे आले. सुटे भाग मागवताना साल दोनदा सांगा.

८ मार्चला सुरू केली. आधी प्लग काढून, रॉकरवर तेल ओतून, सेल्फनं तेलाचा काटा हलेपर्यंत फिरवली. मग प्लग लावले, चोक ओढला, आणि अण्णांना केबिनमध्ये बसवलं. या गाडीचा सेल्फ पायानं दाबायचा असतो, ॲक्सिलरेटरच्या उजवीकडच्या पेडलनं. दुसऱ्या प्रयत्नात धरली. काटा १८ वर गेला, गरम झाल्यावर १४ वर स्थिर. अण्णा खाली उतरले आणि पुन्हा तोच स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून पहिल्यापासून सहाव्यापर्यंत ऐकत गेले. तिसऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबले. मग सहावा ऐकून झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला. मी काही विचारलं नाही, मलाही ऐकू येत होतं. फक्त टॅपेटची टकटक, शिवणयंत्रासारखी.

टॅपेट गरम इंजिनावर लावले: इनलेट ८ थाऊ, एक्झॉस्ट १५. टायमिंगची, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवण्याची, गंमत मुलीनं केली. या इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये एक छोटी पोलादी गोळी ठोकून बसवलेली असते, सेल्फच्या वरच्या खिडकीतून ती काट्यासमोर यायला हवी. गंजात आम्हा दोघांना ती सापडत नव्हती. मुलगी बारा वर्षांची, डोळे तिचेच तीक्ष्ण. तिनं टायमिंग लाइट धरून गोळी शोधली, तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, आणि मी डेल्को फिरवत असताना "थोडं मागे, आजोबा म्हणतात अजून थोडं" असं करत जुळवून दिली.

१६ मार्चला रस्ते कोरडे होते. बॉनेट आणि मागची चाकं झाकणारे मडगार्ड चढवून गल्लीतून बाहेर काढली, शेतांच्या मधल्या रस्त्यानं सहा मैल. अण्णा शेजारी. ४० मैलांवर दहा मिनिटं धरली, तेल १५ पौंड, पाणी १६५ अंश फॅरेनहाइट. परत येताना चढावर त्यांनी मला दोनच शब्द सांगितले: "गिअर टाक." व्हाइट मेटलच्या इंजिनाला चढावर वरच्या गिअरमध्ये रडवायचं नसतं, ते मी विसरलो होतो.

२२ मार्चला ते परत गेले. रॉडमधून काढलेल्या पत्र्या त्यांनी एका पाकिटात घालून, वर कोणत्या नंबरच्या कोणत्या बाजूच्या ते लिहून, ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवल्या आहेत. हजार मैलांनी चेंबर पुन्हा उतरवून तिसरा तपासायचा आहे.

आता हौदा. मूळ फळ्या यलो पाइनच्या आणि कारखान्यातून काळ्या रंगवून यायच्या. हल्ली ओक लावून त्यावर चकचकीत वॉर्निश देतात. दिसतं सुंदर, पण ही गाडी तशी कधीच नव्हती. मी पाइन आणली आहे, गॅरेजच्या मागच्या भिंतीला वाळत लावली आहे. फाळक्याच्या साखळ्या तेवढ्या जुन्याच राहतील, गंज काढून. फळ्या कापायला मेच्या पहिल्या आठवड्यात घेईन.