उजेड दिसतोय, परत घास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मी लगेच हो म्हणालो. पण लिहायला बसलो तर डोळ्यांपुढे वर्ग येईचना, आलं ते आपलं वर्कशॉप, वरचे पत्रे, वाइस ठोकलेली लाकडी टेबलं आणि हाताला दोन दिवस राहणारा तो लोखंडाच्या किसाचा वास.

मी 1994 च्या दहावीच्या बॅचचा. आठवीला टेक्निकल घेतलं तेव्हा घरी कुणाला नीट माहीत पण नव्हतं की हे काय असतं. पहिला मोठा जॉब, म्हणजे बनवायची वस्तू, होता मेल-फिमेल फिटिंगचा, एक पट्टी दुसरीच्या खाचेत बसवायची, 6 एमएमच्या दोन पट्ट्या, मोरचुदाचं पाणी लावून त्यावर स्क्राइबरने, म्हणजे टोकदार सळीने, मार्किंग करायचं, हॅक्सॉने कापायचं आणि मग कानस घेऊन घासत बसायचं. कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे आणताना द्यायचा नाही, हे सर रोज सांगायचे आणि आम्ही रोज विसरायचो. दोन्ही पट्ट्या एकमेकींत बसवून सर खिडकीपाशी जायचे, डोळ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "उजेड दिसतोय, परत घास." माझी जोडी सहा वेळा परत आली होती.

पण मला जास्त लक्षात राहिलंय ते जर्नल. ड्रॉइंगवर 50 होतं म्हणून मी मोजमापाच्या रकान्यात 50.00 लिहून टाकलं, सरांनी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावला तर 49.62. मला वाटलं साइज चुकली म्हणून मार्क जाणार, तर सर म्हणाले साइजचे मार्क थोडे कापतो पण 50 लिहिलंस त्याचे सगळे कापतो, जे आलंय ते लिहायचं, जे यायला हवं होतं ते नाही. तेव्हा रडू आलं होतं खरं सांगतो.

पुढे डिप्लोमाला गेलो, आमचा सँडविच पॅटर्न होता म्हणजे मध्ये सहा महिने कंपनीत इनप्लांट ट्रेनिंग. भोसरीतल्या एका कारखान्यात मला सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, लाइनवर इन्स्पेक्शनला उभं केलं. जॉब होता 25 एमएमचा शाफ्ट, फिट जी6, म्हणजे ड्रॉइंगवरच्या त्या खुणेप्रमाणे माप 24.980 ते 24.993 च्या मध्ये यायला पाहिजे, एकूण खेळ फक्त 13 मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग. त्या दिवशी कूलंटची, म्हणजे जॉब थंड ठेवणाऱ्या पाण्याची, नळी चोक झाली होती, जॉब मशीनमधून निघायचा तो हातात धरवत नव्हता, आणि मी फडक्यात धरून मायक्रोमीटर लावायचो, 24.985 आलं की ओके म्हणून क्रेटमध्ये टाकायचो. जेवणाच्या सुट्टीनंतर सहज पहिल्या क्रेटमधला एक उचलून मोजला तर 24.976. दुसरा, तिसरा, तेच. पोटात गोळा आला.

स्टील तापलं की फुगतं हे मी अकरावीच्या वयात फिजिक्सच्या पेपरात लिहून आलो होतो, सूत्रासकट. 25 एमएमचा जॉब खोलीपेक्षा 30 अंशांनी गरम असेल तर जवळपास 9 मायक्रॉन मोठा दिसतो आणि आमचा सगळा टॉलरन्सच, म्हणजे चालणारा फरकच, 13 चा. म्हणून तर मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश ठरवलेलं असतं. हे सगळं मला येत होतं! पण पुस्तकातलं स्टील आणि माझ्या फडक्यातलं स्टील एकच आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

60 शाफ्ट होते. लगेच कुणाला कळलंही नसतं. मी शेजारच्या मशीनवरच्या मामांना सांगितलं, ते आयटीआय टर्नर, वीस वर्षांची नोकरी, ते फक्त म्हणाले चल साहेबांकडे, मी येतो बरोबर. रिपोर्टमध्ये मी 24.976 लिहिलं. लिहिताना सर आठवले. क्रेट लाल टॅग लावून बाजूला गेली, ओरडा बसला तो बसला, पण त्याच संध्याकाळी कूलंटची लाइन साफ झाली आणि जॉब थंड झाल्याशिवाय मोजायचा नाही असा कागद मशीनवर चिकटला.

आता मी स्वतः कंपनीत नवीन आलेल्या डिप्लोमा आणि डिग्रीच्या मुलांचं ट्रेनिंग बघतो. लोक म्हणतात हल्लीच्या मुलांना काही येत नाही, मला ते अजिबात पटत नाही, सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल काढायला ती आमच्यापेक्षा दहापट फास्ट आहेत. अडतं ते दोनच ठिकाणी, हातात जॉब घेऊन बघायची सवय नसते आणि चुकलं तर सांगायची भीती असते. ही भीती आपणच घातलेली आहे, प्रॅक्टिकलला रीडिंग "आणावं" लागतं, ग्राफ सरळ यायलाच पाहिजे, मग मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतात. आणि कंपन्याही कमी नाहीत, इंटर्न आला की त्याला एक्सेल भरायला बसवतात आणि शेवटी सर्टिफिकेट देऊन मोकळे. अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे, 1973 च्या दुरुस्तीने त्यात डिग्री-डिप्लोमावाले पण आले, म्हणजे वाट केव्हाचीच आहे, त्या वाटेवर मुलाला शिकवायला वेळ कुणी काढायचा हाच प्रश्न आहे.

मी माझ्यापुरतं एक करतो. नवीन मुलाला पहिल्या महिन्यात एकच रिजेक्ट झालेला जॉब देतो आणि सांगतो हा का गेला ते शोध, स्टोअरमध्ये जा, ऑपरेटरला विचार, नाइट शिफ्टला ये, टूल बघ, पण रिपोर्टमध्ये तुला दिसलं तेवढंच लिही. एका मुलीने तीन आठवडे लावून शोधलं की फिक्श्चरच्या, म्हणजे जॉब पकडणाऱ्या साच्याच्या, लोकेटिंग पिनखाली बर, म्हणजे कापताना सुटलेली धातूची कणी, अडकत होती. ती पिन घेऊन आली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

शाळेला एक विनंती, वर्कशॉप बंद करू नका. आणि आपल्या शाळेतून डिप्लोमाला गेलेली मुलं असतील तर सुट्टीत माझ्याकडे पाठवा, दरवर्षी चार जणांची सोय मी करतो, सेफ्टी शूज आम्ही देऊ, वही त्यांनी आणावी.