तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा तोच, मग फरक कसला?

मी माहितीपटांचं संकलन करते. त्यातही बायकांनी बायकांवर केलेले, वीस-पंचवीस मिनिटांचे माहितीपट जास्त. फिल्म दाखवून झाली की एक प्रश्न हमखास येतो: ‘दिग्दर्शक बाई असली म्हणून काय फरक पडतो? कॅमेरा तर तोच!’

फरक पडतो तो कॅमेरा सुरू होण्याआधी.

‘युगांतर’ हा बायकांच्या प्रश्नांवर फिल्म करणारा गट १९८० मध्ये सुरू झाला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर ही त्यातली मंडळी. त्यांची ‘मोलकरीण’ (१९८१) पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या संघटनेवर आहे. पुढच्याच वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर फिल्म केली, तेव्हा हा गट चार महिने त्यांच्या सहवासात होता, ऐकत होता. काळ सोळा मिलिमीटरच्या फिल्मरिळांचा. चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं. आज कार्डावर तासन् तास मावतात, आणि नेमकं ते ऐकणंच राहून जातं.

माझ्याकडे येणाऱ्या फुटेजमध्ये हे स्पष्ट दिसतं. पहिल्या दिवशी बाई बोलते ती दाराआड उभ्या असलेल्या घरच्यांसाठी. ‘काही त्रास नाही, सगळं चांगलं आहे.’ नजर सारखी दाराकडे. पाचव्या-सहाव्या दिवशी तीच बाई, हातातलं काम न थांबवता, कुणी काही विचारलेलं नसताना एखादं वाक्य बोलून जाते. मग पुढचे कित्येक आठवडे मी त्या एका वाक्याभोवती फिल्म रचत बसते. ते वाक्य मिळायला दिग्दर्शिकेला आत, चुलीपाशी, बसायला जागा मिळावी लागते आणि कॅमेरा बंद ठेवून तिथे नुसतं बसण्याचा धीर लागतो. जागा बाईला लवकर मिळते. धीर मात्र बाई आहे म्हणून आपोआप येत नाही. घाईघाईने उरकलेल्या मुलाखती मी बायकांनी घेतलेल्याही पाहिल्या आहेत.

लघुपटच का, असंही विचारतात. फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दाने १९७५ मध्ये ‘बाई असणं म्हणजे काय?’ हा प्रश्न घेऊन आठ मिनिटांची फिल्म केली, आणि ती मला कुठेही अपुरी वाटत नाही. शिवाय पंचवीस मिनिटांची फिल्म काम सुटल्यावर, घरी जायची घाई असतानाही बघून होते. वर बोलायला वेळ उरतो. दोन तासांची फिल्म बघायला तेवढी मोकळीक कुणाकडे असते?

मागे एका फिल्मचा कच्चा कट आम्ही जिच्यावर ती होती तिलाच आधी दाखवला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “ताई, माझ्या मुलीबद्दलचं तेवढं काढा. मोठी झाल्यावर ती हे बघेल.” सबंध फिल्ममधली सगळ्यात ताकदीची चाळीस सेकंदं होती ती. दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “काढ,” एवढंच म्हणाली.

मी काढली.