तुम्ही विचारलंत म्हणून: पोचर म्हणजे नक्की कोण?

भाषांतराचं काम करतो म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: पोच्ड एग आणि गेंडे मारणारे पोचर, यांचं एकमेकांशी नातं काय? (आपल्या ‘पोचपावती’शी दोघांचंही काही नाही, हेही सांगावं लागतं.)

अंड्याचं मूळ आहे पिशवीत. फ्रेंचमध्ये पिशवीला आणि खिशाला ‘पोश’ म्हणतात. इंग्रजीतले पाऊच आणि पॉकेट त्याच कुळातले. मंद तापलेल्या पाण्यात अंडं फोडून सोडलं की पांढरं बलकाभोवती जमतं आणि त्याची पिशवी होते, म्हणून ते पोच्ड. त्यासाठीचं खोलगट वाट्यांचं भांडंसुद्धा पोचरच.

शिकाऱ्याबद्दल मात्र अभ्यासकांत दोन तट आहेत. मारलेला ससा झोळीत टाकून पसार होतो तो पोचर, असं एक मत. दुसरं मत हा शब्द खुपसणं, घुसणं या अर्थाच्या क्रियापदाकडे नेतं: परक्याच्या रानात घुसणारा. गुरांच्या खुरांनी ओल्या कुरणाचा चिखल झाला तरी इंग्रजीत ते पोच झालं म्हणतात. ते या दुसऱ्या मताशी बरं जुळतं. मला झोळी आवडते. पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे.

पुढचे अर्थ यातूनच फुटले. दुसऱ्या कंपनीची माणसं फोडणं, टेनिसच्या दुहेरीत जोडीदाराकडे चाललेला चेंडू मध्येच घुसून मारणं, हेही पोचिंग. फुटबॉलमधला पोचर गोलसमोर घुटमळतो आणि सुटा चेंडू दिसला की जाळ्यात ढकलतो. पश्चिम जर्मनीच्या गेर्ड म्युलरने ६२ सामन्यांत ६८ गोल केले, त्यातले कितीतरी असेच.

मराठीत मी ‘चोरटा शिकारी’ लिहितो. हस्तिदंतासाठी हत्ती मारणाऱ्याला तो चपखल बसतो. अडतं ते जुन्या इंग्लंडमध्ये. तिथे १६७१च्या कायद्याने ससे, तितर मारायचा हक्क मुख्यतः वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांना दिला. बाकीच्यांनी मारले तर तो गुन्हा, मग ससा स्वतःच्या शेतातलं पीक खात असला तरी! १७२३च्या कायद्याने तर तोंडाला काळं फासून हरणं मारायला जाणाऱ्याला थेट फाशी ठेवली. जमिनीची ती अट १८३१ साली सुटली.

त्या काळात गावकऱ्यांच्या लेखी ससा मारणारा बहुधा चोर नसे; रानातलं जनावर कोणा एकाचं कसं, असंच ते विचारत. आणि ‘चोरटा’ लिहिलं की मी जमीनदाराच्या बाजूने निकाल देऊन मोकळा होतो. म्हणून तिथे मी ‘पोचर’ तसाच ठेवतो आणि पहिल्या उल्लेखाच्या आसपास कुठेतरी त्याच्या खांद्यावरची झोळी दिसेल एवढं बघतो.