तुम्ही विचारलंत म्हणून: भित्रा माणूस ओळखायचा कसा?

लोकांना चारचौघांत बोलायला शिकवतो म्हणून हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक कोपऱ्यात अंग चोरून बसलेला कुणीतरी असतो. पण गप्प बसणाऱ्यांत काहींना खरंच बोलायचं नसतं. त्यांना शांतपणे ऐकण्यात रस असतो आणि वेळ आली की ते सरळ नाही म्हणून मोकळे होतात. त्यांना भित्रं म्हणणं अन्याय आहे.

मी वाक्याच्या दोन्ही टोकांकडे लक्ष देतो. सुरुवात ‘मला यातलं फारसं कळत नाही, पण...’ आणि शेवट ‘...असं आपलं मला वाटलं, चूकही असेल.’ मधला मुद्दा अनेकदा खणखणीत असतो, पण कुणी भुवई उंचावायच्या आत मालकाने तो मागे घेतलेला असतो. हात वर जातो तोही निम्माच. कुणी पाहिलं तर प्रश्न, नाही पाहिलं तर कान खाजवायला नेला होता. फोन करायचा तर आधी वाक्यं जुळवायची, आणि पलीकडून उचलला गेला नाही की हुश्श!

भीती बडबडही करते, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. शांतता सहन होत नाही म्हणून विनोदावर विनोद करणारे, कुणी काही बोलायच्या आत तीनदा माफी मागणारे, कुणी कुठलंही काम गळ्यात मारलं तरी ‘हो, हो, करतो ना’ म्हणणारे. या शेवटच्यांना आपण मनमिळाऊ म्हणतो. ते काम पुढे रखडतं, कारण ‘जमणार नाही’ हे सांगायचं धाडस तेव्हाही नसतं आणि नंतरही होत नाही. आणि वरिष्ठांपुढे मूग गिळून बसलेला माणूस हाताखालच्यांवर डाफरतो, तेव्हाही मला भीतीच दिसते. तिची कीव करायला मात्र मी तयार नाही.

थोडं उपजतही असतं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम कागन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, आवाज, वास दिले, तेव्हा साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं. पुढे अनोळखी गोष्टींना बिचकणारी मुलं या गटात जास्त निघाली. सगळी नव्हे, हे आईबापांनी विसरू नये.

बाकीचं परिस्थितीवर. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे 1950च्या दशकातले प्रयोग पाहा. रेषांची लांबी ओळखायची, इतकं सोपं काम. पण आधीच शिकवून ठेवलेली मंडळी एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायची आणि खऱ्या उमेदवारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश निदान एकदा तरी त्यांची री ओढायचे. शिकवून ठेवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, की हे प्रमाण झपाट्याने उतरायचं. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचं असलं, तरीही उतरायचं.

म्हणून माझ्या वर्गात चर्चेआधी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं असतं. मग वाचून दाखवायचं, सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून. ‘मोकळेपणाने बोला’ असं मी कुणालाही सांगत नाही, कारण ते ऐकून तर माणूस जास्तच आखडतो.