मोरेस्मोची मॅच परत बघितली

रविवार, रात्रीचे पावणेबारा.

झोप येईना म्हणून फोनवर 2006 ची विम्बल्डन फायनल लावली, फ्रान्सची अमेली मोरेस्मो आणि बेल्जियमची जस्टिन एना. दोघींचा एकहाती बॅकहँड, दोघी नेटवर धावत येणाऱ्या, असं टेनिस आता बघायला मिळत नाही. पहिला सेट एनाने 6-2 ने घेतला तेव्हा 2006 ला घरात मीच बोलले होते की झालं, मोरेस्मो परत घाबरली. आज ते आठवून मला खरंच वाईट वाटलं.

कारण तेव्हा सगळेच तसं बोलायचे. सप्टेंबर 2004 मध्ये ती जगात एक नंबरला गेली, कॉम्प्युटर रँकिंग सुरू झाल्यापासून तिथे पोचलेली पहिली फ्रेंच बाई, पण तोवर एकही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकही, नावावर नव्हता म्हणून कौतुकाच्या आधी शंकाच. विम्बल्डनला 2004 च्या सेमीत सेरेना विल्यम्सविरुद्ध पहिला सेट जिंकून हरली, 2005 ला लिंडसे डेव्हनपोर्टविरुद्ध परत तेच. मग 2006 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तर फायनलला 6-1, 2-0 असताना एनाने पोटदुखीमुळे मॅच सोडली, आणि लोकांनी त्या कपातलं अर्धं श्रेय काढून घेतलं. समोरचीने सोडली यात हिचा काय दोष?

आणि तिच्या अंगावर हे सगळं लहान वयातच आलं होतं. 1999, ऑस्ट्रेलियात सीडिंग (मानांकन) नसताना फायनलला गेली, वय 19, आणि तेव्हाच आपलं एका मुलीवर प्रेम आहे हे तिने उघड सांगून टाकलं. बाकीच्या प्लेयर्सनी तिच्या खांद्यांवरून, ताकदीवरून पुरुषासारखी आहे वगैरे शेरे मारले. 19 व्या वर्षी जगासमोर हे झेलायचं आणि परत दुसऱ्या दिवशी सर्व्हिस टाकायला उभं राहायचं, मला तर कल्पनाच करवत नाही.

तर ती फायनल. 2-6 वरून 6-3, 6-4. दुसऱ्या सेटपासून सर्व्ह केली की ती थेट नेटवर, सारखी, वाट बघत बसणं नाहीच. 1925 च्या सुझान लाँग्लेननंतर विम्बल्डन जिंकलेली पहिली फ्रेंच बाई. जिंकल्यावर म्हणाली की आता माझ्या नर्व्हसनेसबद्दल कुणी बोलू नका. एवढ्या वर्षांचं मनात साठलेलं एका वाक्यात बोलून गेली.

2009 च्या शेवटी ती रिटायर झाली आणि मला वाटतं तिचं खरं मोठं काम त्यानंतर दिसलं. फेड कप या देशादेशांमधल्या महिला स्पर्धेत फ्रान्सच्या टीमची कॅप्टन झाली, वडिलांच्या कोचिंगमधून बाहेर पडलेल्या मारिओन बार्तोलीच्या पाठीशी उभी राहिली आणि 2013 ला बार्तोली एकही सेट न गमावता विम्बल्डन जिंकली. मग 2014 ला ब्रिटनच्या अँडी मरेने तिला कोच केलं. मरे हरला की खापर तिच्यावर फुटायचं, आधीच्या पुरुष कोचच्या वेळी असं कधी झालं नव्हतं, हे त्याने स्वतःच नंतर लिहिलं. क्लेवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर, त्याला आधी एकही टायटल नव्हतं, 2015 ला म्युनिक आणि माद्रिद दोन्ही मिळाली, माद्रिदला तर नदालला हरवून. त्यानंतर ती फ्रान्सच्या लुका पुईची कोच झाली. ऑस्ट्रेलियन ओपनच्या मेन ड्रॉमध्ये कधी एक मॅच जिंकला नव्हता, 2019 ला तिच्यासोबत थेट सेमीफायनल.

मला वाटतं हातात आलेली मॅच सुटताना हात कसा जड होतो, हे ज्याच्या अंगावरून गेलंय तोच दुसऱ्याला धीर देऊ शकतो. कधीच न घाबरलेला कोच काय सांगणार, घाबरू नकोस?

एक गोष्ट मात्र मला अजून बोचते. 1983 ला फ्रान्सचा यानिक नोआ रोलाँ गारोस, म्हणजे पॅरिसची फ्रेंच ओपन, जिंकला तेव्हा ही चार वर्षांचीही नव्हती, ते टीव्हीवर बघूनच हिला रॅकेट हवी झाली, आणि त्याच मैदानात ती कधी क्वार्टर फायनलच्या पुढे गेली नाही. आपल्याच लोकांसमोर. आणि आता 2021 पासून त्याच स्पर्धेची डायरेक्टर आहे, त्या पदावरची पहिली बाई.

मॅच मी तिसऱ्या सेटला 5-4 वर थांबवली होती, ती मॅचसाठी सर्व्ह करायला येते तिथे. निकाल पाठ आहे तरी तळहाताला घाम आलाय. पाणी पिऊन येते आणि पुढची बघते.